एक्केचाळीस-नऊ

भुसावळच्या लोको शेडमधून सुटून
सुपडूअण्णांना अकरा वर्षं झाली,
तरी जामनेर रोडवरच्या गॅरेजात ते
गाडीला गाडी म्हणत नाहीत, इंजिनच म्हणतात.
"मालगाडीचे दात अलग, पॅसेंजरचे अलग.
तुले काय ओढायचं आहे ते सांग आधी."

मला ओढायचं काहीच नव्हतं.
मला हवे होते चारशे दोन मीटर, सरळ,
तापीपलीकडच्या जुन्या धावपट्टीवर.
मामेभावाची कॉन्टेसा, हाताचे चार गिअर,
आणि माझा डावा पाय,
जो क्लच सोडताना अजून विचार करायचा.

रॉकेलच्या ट्रेमध्ये तीन जोड भिजत पडलेले.
एकोणचाळीस-आठ.
एक्केचाळीस-नऊ.
एक्केचाळीस-अकरा.
मी लगेच पहिल्यावर बोट ठेवलं.
सगळे तोच टाकतात, गाडी बंदुकीसारखी सुटते.

अण्णांनी खडू घेतला.
मागच्या टायरवर एक रेघ, फरशीवर एक रेघ,
गाडी ढकलली रेघ पुन्हा खाली येईस्तोवर,
मग टेप धरली: एक मीटर नव्वद.
"म्हणजे दोनशे अकरा फेरे. संपली तुझी शर्यत."
विडी पेटवली नाही, नुसती कानावर ठेवली.
"आता शेवटाकून मागे ये.
रेषेवर तू कितीने असशील? दीडशे?
चौथ्यात सुई कुठी पाहिजे? सहा हजारावर.
त्याच्या पुढे हे इंजिन नुसतं रडतं."

मी भागाकार केला, वहीच्या मागच्या पानावर,
जिथे दुधाचा हिशेब होता.
एकोणचाळीस-आठने सुई एकशे चाळीसलाच संपत होती,
रेषा अजून समोर, आणि पाचवा गिअर
कॉन्टेसाला देवाने दिलेला नाही.
अकराच्या जोडीने दीडशेला सुई
पाच हजारांच्याही खाली,
अर्धी ताकद पिशवीत तशीच परत आणायची.

"चाळीस-आठ का नाही करत कुणी?
सरळ पाच येतात," मी विचारलं.
अण्णा पहिल्यांदाच हसले.
"आठाने चाळीसले भाग जातो ना.
मग तोच दात त्याच दाताले भेटत राहतो,
एकाची खोड दुसऱ्याले लागते.
एक्केचाळीस-नऊमधी प्रत्येक जण प्रत्येकाले भेटतो,
मोठं चाक नऊदा फिरलं की गावजेवण पूर्ण."

दातांना त्यांनी शेंदूर लावला, पातळ,
हाताने चाक फिरवलं, पुढे, मागे,
आणि शेंदूर कुठे पुसला ते चष्मा वर करून पाहिलं.
टोकाला नको, मुळाशी नको.
एक शिम काढली, पत्र्याची, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
पुन्हा शेंदूर.
बाहेर दुपारचे त्रेचाळीस अंश,
समोरच्या रसवंतीचं घुंगरू बंद पडलेलं.
साडेचारपर्यंत हेच.

शर्यत मी हरले.
नंदुरबारची एक गाडी होती, पांढरी,
दुसऱ्यावरून तिसरा टाकताना माझा हात अडखळला,
तेवढ्यात तिचे लाल दिवे दिसले.
तिसरा बसला, मग चौथा,
आणि पुढे काहीच करायचं उरलं नाही,
फक्त बसायचं, सुई चढताना पाहत.

रात्री गॅरेजात निजाम तडवी आलेला,
सावद्याहून केळी भरून आणणारा.
एकोणचाळीस-आठचा जोड त्याच्या टेम्पोत बसला होता,
नदीकाठच्या चढावर, म्हणाला,
आता पहिल्यात नारळ फोडावा लागत नाही.

अण्णांनी मला विचारलं नाही
कितवी आलीस, किती सेकंद, कुणाची गाडी.
कापडाला हात पुसत राहिले.
"रेषेवर सुई?"
मी म्हटलं, पाच हजार नऊशे.
"शंभर कुठी गेले?"
तिसऱ्यात, मी म्हटलं. माझ्या हातात.
त्यांनी मान हलवली,
कानावरची विडी काढली,
आणि आता पेटवली.