बेरीज सत्त्याण्णव

सरांनी सांगितलं, गावातलं एखादं वाईट पोस्टर आणा,
ते नीट करा, मग हलवा.
तीस सेकंद. आवाज ऐच्छिक.
कुणी बसचा नकाशा आणला, कुणी डेंग्यूचा डास.
माझं रबाळ्याच्या कारखान्यातलं.
पप्पांनी वॉचमनला विचारून भिंतीवरून सोडवलं,
डब्याच्या पिशवीत गुंडाळून आणलं:
‘हातांच्या दुखापती, यंत्रनिहाय’.
कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे थर,
मधोमध कुणाचा तरी ग्रीसचा अंगठा.

अकरा फाकांचा गोल, अकरा रंग,
जांभळ्यावर काळी अक्षरं,
तीन जातींचे टाइप एकमेकांच्या अंगावर पडलेले,
आणि कडेला हेल्मेट घातलेला एक गुबगुबीत माणूस
अंगठा दाखवत हसतोय.
दुखंडे सर म्हणाले, आधी ह्याला काढ.
काढला.
रंग दोनावर आणले. फाका मोडून खांब केले.
लेथ, ड्रिल, ग्राइंडर,
सगळ्यांत उंच पॉवर प्रेस.
‘इतर’ म्हणून जे काय होतं ते
शेवटी, राखाडी.

खांब वर येताना जरा जास्तच वर जायचे
आणि डुलत जागेवर बसायचे.
वर्गाला आवडलं. प्रज्योत म्हणाला, इडल्या फुगतायत.

मग प्रेस.
खाली एक पंजा ठेवला, माझाच,
कागदावर ठेवून पेन्सिलीने आखलेला.
वरचा जबडा हळू निघतो, वेग घेतो, हळू टेकतो.
हालचालीची दोन्ही टोकं मऊ ठेवावीत
हे पहिल्याच सत्रात शिकवतात.

रात्री घणसोलीच्या खोलीत
पप्पा चहाची बशी धरून मागे उभे.
‘असं येत नाही ते.’
‘मग कसं येतं?’
‘येत नाही. आलेलं असतं.
आवाज नंतर.’

मी मधल्या अठरा फ्रेम पुसल्या.
एकीत जबडा वर. पुढचीत खाली.

आकडे टाकताना लक्षात आलं,
बेरीज सत्त्याण्णव.
परत केली. मोबाइलवर केली.
पप्पांनी पेरांवर केली, अंगठा टेकवत टेकवत.
तर्जनीचं वरचं पेर नाही,
तिथे अंगठा हवेत क्षणभर थांबतो
आणि ते पेर धरूनच पुढे जातो.
लहानपणापासून बघतेय,
त्यांचा हिशोब चुकत नाही.
सत्त्याण्णवच.

‘तीन टक्के कुठे गेले?’
‘कंत्राटातले असतील.
दवाखान्यात मोजले जायचे,
हजेरीच्या वहीत नाव नसायचं.
तेव्हा मी पण कंत्राटातच होतो.’
एवढं बोलून ते टीव्हीचा रिमोट शोधू लागले.
आई म्हणाली, उशीखाली आहे.

त्या रात्री खांब पाडले.
पुन्हा गोल केला, एकाच रंगाचा,
सत्त्याण्णव भरला आणि तीन सोडून दिले.
रंग नाही, रेघ नाही,
मागच्या कागदाचा पांढरा तेवढा.
सर म्हणाले, गोल मिटला नाही, बघणाऱ्याला चूक वाटेल.
म्हटलं, वाटू दे.
त्यांनी चष्मा वर करून डोळे चोळले
आणि दहापैकी सात दिले.
एक मार्क आवाज नाही म्हणून गेला.
आवाज ऐच्छिक होता, पण मी भांडले नाही.

जुनं पोस्टर सोमवारी परत लागायला हवं,
नाहीतर वॉचमनची नोकरी.
हसऱ्या माणसासकट ते दाराशी गुंडाळून ठेवलंय.

रविवारी पप्पा लॅपटॉपसमोर बसले.
तीस सेकंद संपतात
आणि आपोआप पहिल्यापासून सुरू होतं,
पहिल्या फ्रेममध्ये पंजा पुरा,
पाच बोटं, सगळी पेरं.
ते दोनदा बघतात, चारदा बघतात.
‘हे इथे थांबवता येतं का?’
येतं. हे लांब बटण आहे ना, हे दाबायचं.
त्यांनी दाबलं.
दोन फ्रेम उशीर झाला.
‘परत लाव,’ म्हणाले.