शेऱ्याचा रकाना

यावल रस्ता, शेवटचे दोनशे मीटर.
केळीचा ट्रक बाजूला घ्यायला लावला, तरी
एक पान डांबरावर पडलंच.

सुरमल पावरा, वय एकोणीस. आज चौथा.
वॅटचे आकडे वहीत आहेत, ते कुणालाही दिसतील.
मी पाहिलं ते हे:
दोघांच्या मधे अडकला, फट उघडेना,
तरी बोटं ब्रेकवर गेली नाहीत.
कोपर किंचित बाहेर. मान खाली.
थांबला.
साठच्या वेगात असं थांबणं
मला कधी जमलं नाही;
मी तीनशेवरच उठायचो
आणि पन्नास उरले की संपायचो.

टाकीपाशी डोक्यावर पाणी ओतत तो विचारतो,
"सर, फट उघडली असती तर?"
बोलेरोवाला धुडकू म्हणतो,
"पोऱ्या बेस शे, लिखी टाका."

पण डोंगरातला असून हा चढावर सुटतो.
सातपुड्याकडून वारा आडवा आला
की घोळक्याच्या शेपटाला लोंबकळतो.
शेवटच्या दोनशेपर्यंत
याला आणून सोडणार कोण?

शेऱ्यात पेन्सिलीनं लिहितो:
पुढच्या वर्षी पाहू.
मग पेन काढून
नाव तेवढं पुन्हा गिरवतो.