दोन मिलिमीटरच्या आत

उणे तीस अंशांत विनिपेगमध्ये
सगळ्यांच्याच तोंडातून धूर निघतो.
बसथांब्यावर कोण ओढतंय, कोण नुसताच श्वास सोडतंय,
लांबून कळत नाही.
एर्लिंडा मकरायेग चष्म्यावरची वाफ पुसते,
इस्पितळाच्या तळघरातलं दार खांद्याने ढकलते
आणि मेणात बसवलेला फुप्फुसाचा तुकडा
काल सोडला होता तिथून पुढे कापायला घेते.

पाच मायक्रॉन.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप
कोमट पाण्यावर तरंगतो, सुरकुत्या सोडतो,
काचेवर अलगद चढतो.
मग जांभळा रंग, मग गुलाबी.
लेबलवर एरवी फक्त आकडे.
याच्यावर कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय:
मासेमार, गिमली, वय एकसष्ट.
नाव नाही. तिने मनातल्या मनात ठेवलंय एक,
थोर्गिल्स.

मोठ्या श्वासनळ्या तोंडाळ असतात.
जरा काही झालं की खोकून घर डोक्यावर घेतात.
पण वाट फुटत फुटत
दोन मिलिमीटरच्या आत गेली
की कूर्चेची कडी संपते,
आणि तक्रारही.
तिथे हजारो बारीक बोळ. त्यातले कितीतरी बुजले
तरी माणूस जाळं ओढतो, बर्फावरून घसरगाडी रेटतो,
ठणठणीत आहे म्हणतो,
आणि खोटं बोलत नसतो.

धूर आत येतो तेव्हा
आधी अस्तर बिथरतं,
त्यावरची हलती लव थबकते.
राखणदार पेशी धूर गिळतात, गिळून तपकिरी होतात,
पचवता येत नाही, थुंकता येत नाही,
मग हाका घालतात.
रक्तातून पांढऱ्या पेशी धावत येतात हत्यारं घेऊन.
चोर सापडत नाही.
सापडतो तो संन्यासी:
श्वास सोडल्यावर बोळ उघडा धरून ठेवणारा
एक लवचीक धागा.
तोच कापला जातो.

मग डागडुजी.
भिंत लिंपली जाते. पुढची सिगारेट. पुन्हा लिंपली जाते.
एर्लिंडाला हे भिंगाखाली दिसतं:
वर्तुळाच्या आत वर्तुळ, त्याच्या आत चिकट शेंबूड,
आणि मधोमध जेमतेम सुईच्या टोकाएवढं आकाश.
बरं होता होताच
बुजत गेला हा माणूस.

थोर्गिल्सला ही गोष्ट ठाऊक असणार,
दुसऱ्या कुठल्या तरी रूपात.
सरोवराच्या बर्फाला पाडलेलं भोक
रात्रीतून कडेकडेने मिटत येतं.
सकाळी कुऱ्हाड घेऊन जावं लागतं.
तो रोज जात असेल, ओठांत सिगारेट धरून,
कारण हात मोकळे हवेत.

तिची मावशी, तिकडे इलोकोसला,
पेटतं टोक तोंडाच्या आत धरून ओढायची.
वाऱ्याने विझत नाही म्हणायची,
भात लावताना दोन्ही हात मोकळे राहतात.
घराला तीनच पायऱ्या होत्या.
शेवटच्या वर्षी ती दुसरीवरच बसून राहायची.
कुणाची तरी वाट बघतेय
असं वाटायचं आम्हाला, एर्लिंडा सांगते.
कुणाला सांगते? यंत्राला. पातं घासतं, काप सुटतो.

संध्याकाळी, म्हणजे साडेचारच्या काळोखात,
मागच्या दाराशी ओस्ताप उभा.
स्ट्रेचर ढकलणारा पोरगा, एकोणतिशीचा,
खांदे दाराएवढे.
त्याच्या तोंडातून ढग, तिच्याही तोंडातून ढग,
वर जाऊन दिव्याखाली एकच होतात.
तो सिगारेट जरा पाठीमागे लपवतो, उगीचच,
मास्तरीण दिसल्यासारखी.

ती रागवत नाही. आकडे सांगत नाही.
हातमोजे चढवता चढवता विचारते,
'तुझ्या घराला किती पायऱ्या रे?'

'पंधरा,' तो हसून म्हणतो. 'का?'

बस येते.
'मोजत जा,' ती म्हणते.