नॉर्थ पोल, परमिट रूम

येमिना नवगावकर आली तेव्हा
पर्समधून आधी चष्मा निघाला,
मग बदामांची पुडी, मग फोटो.
कुणीतरी तिला सांगितलेलं :
सोनटक्क्यांना विचारा, पॉवर हाऊसला होते,
कॅम्पातला एकूण एक मीटर त्यांनी वाकून वाचलाय.

फोटो तळहाताएवढा, कडा नागमोडी कातरलेल्या.
तिचे वडील, शालोम. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या,
डोक्यावर अर्धीच पाटी : ‘…र्थ पोल’.
“मला वाटलं, विजेचा पोल,” ती म्हणाली.
तिचं मराठी बहात्तर साली विमानात बसलं
आणि अश्दोदला जसंच्या तसं उतरलं.
ती अजून ‘ठेसन’ म्हणते, सिनेमाला ‘खेळ’ म्हणते.

मी भिंग घेतलं.
माणसांकडे मी आधी बघत नाही, सवय नाही.
सर्व्हिस वायर कुठून येते ते बघतो,
भिंतीत शिरणारा पाइप,
खांबावरचा रंगवलेला आकडा.
खांब होता. आकड्यातला शेवटचा सात तेवढा शाबूत.
मागे कौलांवर लाल देवळाचा मनोरा, नखाएवढा.
म्हणजे रस्ता इकडून.
सावल्या लांब, म्हणजे सकाळ.
सकाळी, परमिट रूमच्या दारात?
हे मी मोठ्यानं बोललो नाही.

नॉर्थ पोल. होतं ना, नसायला काय झालं!
तीन पायऱ्या खाली, दिवसाही बल्ब,
भिंतीवर निळ्या ऑइलपेंटचा बर्फ
आणि त्यावर पेंग्विन.
उत्तर ध्रुवावर पेंग्विन नसतात, असं एक प्रोफेसर म्हणाले
तेव्हा फरामरोझ शेठ म्हणाले, तिसऱ्या पेगनंतर असतात.
मीटर अंड्यांच्या कपाटावर.
मी बॅटरी मारली की चार डोकी दचकून वळायची,
धाड पडली म्हणून.

शेजारी चिनी दातवाला, काचेत कवळ्या हसत बसलेल्या.
मग बेकरी, तिची मागची भिंत जानेवारीतही कोमट;
रात्री तिला पाठ लावून कोण कोण झोपायचं.
मग समुद्र नसलेल्या गावात ‘सी-ब्रीझ लॉज’.
एकेक गेलं.
लोकांना पाटी उतरल्यावर कळतं, आम्हाला युनिटवरून :
आधी फ्रीज बंद, बिल निम्मं,
मग पंखे, मग पाटीवरची ट्यूब,
शेवटी महिन्याला दोन युनिट,
कुणीतरी एका बल्बखाली हिशेब करत बसलेलं.
मग रजिस्टरात लाल शाईनं : कायम बंद.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो.
खांब नाही. केबल जमिनीखालून गेलीय कधीच.
पायऱ्या भरून वर फरशी,
फरशीवर मोबाइलची कव्हरं, जिलबीच्या रंगाची.
ती फोटो डोळ्यांसमोर धरून
मागे मागे सरकू लागली,
रिक्षावाल्यानं तिची आई काढली,
तरी सरकली,
आणि एका होर्डिंगच्या आणि पाण्याच्या टाकीच्या फटीत
मनोरा सापडला. नखाएवढाच.

“इथं,” ती म्हणाली. मग म्हणाली,
“पण बाबा प्यायचे नाहीत. शब्बाथला मनुकांचं सरबत, तेवढंच.
रेल्वेत कारकून होते.”

काल रात्री मी भिंग पुन्हा लावलेलं.
या वेळी माणसाला.
खांद्यावर घडी घातलेलं गोणपाट.
पायाशी जो डाग, तो फोटोवरचा नाही, फरशीवरचा.
रस्त्यापासून दारापर्यंत थेंब थेंब ओल.

सांगावं की नाही, हे ठरवण्यात
सिग्नल दोनदा हिरवा झाला.
“खाली बघा,” एवढंच बोललो, “ओलं आहे.
सकाळची बर्फाची लादी यायची, साडेसातला.”

ती पुष्कळ वेळ बघत राहिली.
मग फोटो पर्समध्ये ठेवला, त्यावर बदाम, त्यावर चष्मा.
“त्यांचे हात नेहमी गार असायचे,” म्हणाली.
“आई म्हणायची, रक्त कमी आहे.
बीट खाऊ घालायची.”

दुकानातला पोरगा म्हणाला, काका, जरा बाजूला,
गिऱ्हाईक येतंय.
आम्ही बाजूला झालो.