आऊट काढताना

दस्तगीर मिस्त्री चाक टांगून फिरवतो,
एक डोळा मिटून बघतो कुठं लचकतंय,
आणि मी कुठून आले ते मलाच सांगतो.

"गंगावेशीतनं आलाय वैनी. जाळीत घातलंय चाक.
ती जाळी आडवी पायजे, त्यांनी उभी बसवलीया."
आरे सैल झाले तर फुलेवाडीचा रस्ता.
मडगार्ड चेपलं तर रिक्षाचं वळण.
टायरला बाजूनं चीर म्हणजे नव्या काँक्रीटची कड,
डांबराहून चार बोटं वर.
"हात बघून सांगणारे लई हैत," म्हणतो,
"मी रिम बघून सांगतोय."

मी शेहेचाळीस वर्षांची, शाहूपुरीत पतसंस्थेची कॅशियर.
साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला.
चालले आठ दिवस.
फूटपाथवर आधी भडंगाची गाडी, मग ट्रान्सफॉर्मर,
मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक
दोन्ही पाय रोवून उभा,
मग फूटपाथच नाही.
म्हणून पुतण्याची सायकल काढली, हवा मारली,
ओढणीला दोन पिना लावल्या.
पहिल्याच दिवशी उसाच्या ट्रॅक्टरनं, मागं दोन ट्रॉल्या,
मला ओलांडायला इतका वेळ घेतला
की अख्खा गळीत हंगाम डोळ्यांपुढून गेला.
शेवटच्या मोळीचं पाचट खांद्याला घासलं.
ड्रायव्हरचं गाणं बराच वेळ पुढून ऐकू येत होतं.

त्या रात्री कागद घेतला. रद्द व्हाऊचरची पाठकोरी बाजू,
आणि पेन्सिल; कारण दस्तगीर म्हणालेला,
"पेनानं नगा काढू. खोदाई काय सांगून येत न्हाई."

रंकाळ्याच्या कडेनं परत यायचं, पण सहाच्या आत.
नंतर फिरायला आलेले चौघं चौघं आडवे चालतात
आणि घंटी वाजवली तर वळून विचारतात, कुणाच्या तुम्ही?

गंगावेशीत म्हशी. घाबरायचं नाही.
म्हैस सरळ चालते. हॉर्न देऊन सगळे दमतात, ती हलत नाही.
तिच्या मागं राहायचं. गावात याहून सुरक्षित जागा नाही.

तालमीमागचा बोळ: पोरं अंगावर पाणी ओततात, घसरतं.

आखरी रस्ता नावाचा एक रस्ता आहे आमच्याकडे.
रोज तिथनं जाते हे मी माहेरी फोनवर सांगत नाही.
खड्डे आहेत, पण जुने.
कुणाला डावीकडून वळसा, कुणाला उजवीकडून,
हँडललाच पाठ झालंय.

मग ड्रेनेजवाले आले. बोळ खोडला, दुसरा काढला.
तोही खणला. खोडला.
एके ठिकाणी इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं
आणि भोक नेमकं दसरा चौकावर.

दुकानात वर खिळ्याला एक रिम आहे,
वाकून इंग्रजी आठ झालेली.
मी विचारलं, ही कुठल्या रस्त्याची?
"न्यायला आलं न्हाई कोण," म्हणाला
आणि आधीच तेल लावलेल्या पान्याला
पुन्हा तेल लावत बसला.
तिथं मी पेन्सिल काढली नाही.

दसरा चौकात मी उतरते.
चार बाजूंनी येणारे कुणाच्याच बापाचं ऐकत नाहीत,
हातात सायकल धरून चालते झालं.
काल शेजारी एक पोरगी उतरली,
दप्तर कॅरियरला, गुडघ्याला ताजं खरचटलेलं.
"काकू, तुम्ही कुठल्या बोळातनं येता?
मी रोज बघते, तुम्हाला घामच नसतो."
सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते.
मी पर्समधून व्हाऊचर काढून तिच्या सीटवर पसरलं.
म्हशींपर्यंत तिनं वाचलं, हसली,
मग भोकातून बोट घातलं, हलवलं:
"आपण हितं आहोत ना?"

हो म्हणाले.
हिरवा लागला. सगळे सुटले.
ते जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो.