पडद्याच्या मागल्या अंगाला

माणगंगेच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकलेला,
म्हसवडची जत्रा, मार्गशीर्षातली थंडी.
पुढून बघायचं तर आठ आणे,
पडद्यामागून चार.
मी बॅटरीवाला पोरगा, दोन्हीकडं फुकट.

त्या रात्री मालकानं इंग्रजी डबा लावला.
स्वस्तात मिळालेला, तिसरं रीळ नव्हतंच.
घोड्यावरची पलटण, बिगूल, उघडे डोंगर.
चित्र काळंपांढरं,
पण डोंगर थेट वरकुट्याच्या माळासारखे,
तेव्हा तांबडेच असणार.

पुढं, एकुलत्या एका लोखंडी खुर्चीत
दफेदार हैबती माने. रिसाल्यातले पेन्शनर.
मुठी गुडघ्यांवर, लगाम धरल्यागत.
घोड्यांची रांग वाकडी झाली
की जिभेनं टकटक करायचे.
"खोगीर ढिलं हाय त्येचं," एकदा म्हणाले
आणि मिनिटभरात तो स्वार खाली आला.
लोकांनी टाळ्या पिटल्या,
दफेदारांसाठी.

मागं वाळूत, पोतं अंथरून, भिवा खोमणे.
त्याच्या बापानं उभा जन्म चावडीवर हजेरी दिली.
रात्रीतून तीनदा नाव पुकारायचे,
तीनदा "हाय जी".
मागून सगळं उलटं दिसतं.
शिपायांच्या तलवारी डाव्या हातात,
पलटण पुढच्यांच्या उजवीकडं दौडायची,
भिवाच्या डावीकडं,
आणि कुठूनही बघा,
जायची ती रामोसवाड्याच्याच अंगाला.

मग पडापडी सुरू झाली.
डोक्याला पिसं खोवलेली माणसं पडत होती,
पुष्कळ, ती कोण मोजतो.
एक पांढरा घोडा पुढच्या पायांवर कोसळला,
मान मुरगळून,
त्याच्या पोटावर तपकिरी डाग पसरत गेला
आणि रीळ जळून तुटलं.

अंधार. शिट्ट्या. मालकाच्या आईचा उद्धार.
दफेदार उठले. मला वाटलं, लघवीला.
बॅटरी घेऊन मागं गेलो
तर ते भिवाच्या पोत्यावर टेकलेले,
जागा न मागता.

"घोड्याला नाटक येत न्हाई," म्हणाले.
"त्यो खराच पडला. पायाला तार बांधत्यात."
भिवानं चंची पुढं केली.
"आन् माणसं?"

दफेदार चुना मळत राहिले.
बराच वेळ.
तंबाखूचं पार पीठ झालं असेल.
"सरहद्दीला," म्हणाले, "पठाणांची एक वाडी हुती,
धा-बारा घरं. पहाटं आमी..."
तेवढ्यात रीळ जोडलं गेलं,
बिगूल वाजला,
वाक्य त्याच्यात गेलं.

राहिलेला सिनेमा त्यांनी मागूनच बघितला.
पुढं खुर्ची रिकामी,
बसायला कुणी धजलं नाही.
शेवटाला झेंडा उलट्या बाजूला फडफडला,
कंदील लागले,
बायका झोपलेली पोरं खांद्यावर घ्यायला लागल्या.

"हिकडनं समदे डावखुरे दिसत्यात," दफेदार म्हणाले.
भिवा पोतं झटकत होता.
"व्हय. पर हिकडनं बी
त्येच जिकत्यात."

दोघं दोन वाटांनी गेले.
मी पडद्याचे दोर सोडत होतो.
मालक गल्ला मोजता मोजता म्हणाला,
माने मागं बसले व्हय रं?
चार आणे परत मागायला येतील बघ उद्या.

आले नाहीत.