वीतभर बांध

म्हापशात, टॅक्सी स्टँडच्या वरच्या मजल्यावर
आमचा एकच सर्व्हर आहे. एप्रिल लागला
की त्याच्या पंख्याला धाप लागते.
पूर्वी त्याच्यावर मी चार अख्खी यंत्रं उभी करायचे,
प्रत्येकाला वेगळा पाया, वेगळं छप्पर,
वेगळी कार्यप्रणाली, आणि चारही
बहुतेक दिवस रिकामीच,
फक्त डिसेंबरात उघडणाऱ्या दिल्लीकरांच्या बंगल्यांसारखी.

आता कंटेनर. एकच कर्नेल, त्याच्यावर अकरा.
एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उभे.
युक्ती साधी आहे: घर बांधायचंच नाही.
ज्याला त्याला फक्त भासवायचं,
की तू इथे एकटाच आहेस.

आत डोकावलं तर प्रत्येक जण पहिला.
क्रमांक एक. त्याच्याआधी कोणी नाही.
बाहेरून यादी काढली तर तोच
सव्वीस हजार चारशे बारावा,
दातांच्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंटा
आणि कुठल्याशा पंचायतीची घरपट्टी
यांच्या मधे दाटीवाटीनं.
मी त्याला हे कधी सांगितलं नाही.
सांगायची सोयही नाही.

हे सगळं मी आगरवाड्याच्या गोकुळदास मयेकरांना
समजावत होते, त्यांच्या मिठागराच्या बांधावर,
चपला हातात घेऊन,
कारण त्यांच्या तीन आठवड्यांच्या वजनांची नोंद
माझ्या हातून गेली होती.

मंगळवारी रात्री त्यांच्या कंटेनरनं
नेमून दिलेल्याहून जास्त मेमरी मागितली.
कर्नेलनं त्याला मारलं. तो असाच मारतो, न विचारता.
पुढच्या सेकंदाला त्याच इमेजमधून नवा उठला,
हुबेहूब, कोरा,
पुन्हा क्रमांक एक.
नोंदी आतच होत्या. त्या बाहेर साठवायची वाट
मी जोडायला विसरले होते.
फेलिसिया म्हणाली, सांग त्यांना, सर्व्हर बिघडला.
सर्व्हर बिघडला नव्हता.

मयेकर ऐकत राहिले. मग फळीनं
एका वाफ्यातलं मीठ कडेला ओढत म्हणाले,
"हें पळय बाय. मानस उघडला
की शापोऱ्याचं पाणी येतं. सगळ्या वाफ्यांत तेच.
मधे काय? माती. वीतभर."

इथे पाण्याच्या त्या दाराला मानस म्हणतात.
माझ्या पुस्तकी मराठीत मानस म्हणजे मन,
हे त्यांना सांगावंसं वाटलं.
ऊन फार होतं. राहून गेलं.

"मीठ धरलं की बांधावर काढायचं. त्याच दिवशी.
वाफ्यात ठेवलंस तर पुढचं पाणी सोडलं
की त्याचं परत पाणी."

एवढंच. रागावले होते का, कळलं नाही.
मी विचारलं, आणि मानसच फुटला तर?
ते हसले नाहीत.
"मग वाफे मोजत बसायचं नसतं," म्हणाले,
आणि नदीकडे बघायलासुद्धा वळले नाहीत.

निघताना त्यांनी काट्यावर पिशवी ठेवली,
मूठभर काढलं, पुन्हा थोडं घातलं.
शिवोलीच्या पुलावर मी स्कूटर थांबवली.
भरती चढत होती, खांबांना धरून, सगळ्यांना सारखीच.

रात्री वाट जोडली. दोनदा तपासली.
मुद्दाम त्याला मारून पाहिलं, मग तिसऱ्यांदा तपासली.
कर्नेलची दुरुस्ती अजून व्हायची आहे,
त्यासाठी अकराही जण एकदमच झोपवावे लागतील.
ते रविवारी.

मयेकरांच्या वहीत आता एकच नोंद आहे:
मीठ, दोन किलो तीनशे.
कोणाला, या रकान्यात माझं नाव.
पैशांचा रकाना त्यांनी
रिकामा ठेवायला सांगितलाय.